पुनरुज्जीवन, मेंदूचा रक्तपुरवठा आणि चार मिनिटांचे अर्थशास्त्र
(व्याख्यानाचा संपादित मजकूर)



हृदयविकाराचा झटका आणि हृदयक्रिया बंद पडणे या दोन घटना बोलण्यात अनेकदा एकच मानल्या जातात. वस्तुतः त्या वेगळ्या आहेत. झटक्यामध्ये हृदयाला रक्त पुरविणारी धमनी अडते, परंतु हृदय धडधडत असते व रुग्ण बहुधा शुद्धीवर असतो. हृदयक्रिया बंद पडते तेव्हा रक्ताभिसरणच थांबते आणि काही सेकंदांत शुद्ध हरपते. पहिल्या घटनेतून दुसरी उद्भवू शकते, म्हणून त्यांचा संबंध जवळचा आहे. पण दुसऱ्या घटनेत मिळणारा अवधी तासांचा नसून मिनिटांचा असतो. या मिनिटांत मेंदूकडे रक्त कसे पोहोचवावे, त्यासाठी कोणती उपकरणे रचली गेली, दिल्ली आणि राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात या दिशेने कोणते काम झाले आणि सार्वजनिक पैसा खर्च करताना शासनाने कोणता निकष लावावा, हा या विवेचनाचा विषय आहे.

विषय वैद्यकाचा आणि अभियांत्रिकीचा असला तरी त्याच्या मुळाशी अर्थशास्त्राचा एक जुना प्रश्न आहे. साधने मर्यादित आहेत आणि गरजा अनेक आहेत. अशा वेळी पहिला रुपया कोठे खर्च व्हावा?

मेंदूची गरज

मानवी मेंदूचे वजन शरीराच्या वजनाच्या सुमारे 2 टक्के असते. तथापि हृदयातून बाहेर पडणाऱ्या रक्तापैकी सुमारे 15 टक्के रक्त आणि शरीर वापरत असलेल्या ऑक्सिजनपैकी सुमारे 20 टक्के ऑक्सिजन एकट्या मेंदूला लागतो. स्नायूंप्रमाणे मेंदूजवळ इंधनाचा पुरेसा साठा नसतो. त्यामुळे पुरवठा थांबल्यावर सुमारे चार ते सहा मिनिटांत मेंदूच्या पेशींना कायमची इजा होऊ लागते. हृदय पुन्हा सुरू होणे आणि माणूस पूर्ववत होणे यांत अंतर पडते ते यामुळेच.

हे अंतर केवळ वैद्यकीय नाही. हृदय चालू झाले, पण मेंदू कायमचा जायबंदी झाला, तर रुग्णालयाच्या नोंदीत एक जीव वाचलेला दिसतो. घरात मात्र अनेक वर्षांच्या शुश्रूषेचा भार येतो. कमावती व्यक्ती अंथरुणाला खिळते आणि तिची काळजी घेण्यासाठी बहुधा घरातील स्त्री आपले काम सोडते. हा खर्च कोणत्याही अर्थसंकल्पात दिसत नाही. म्हणून पुनरुज्जीवनाच्या कोणत्याही उपायाचे यश 'किती हृदये सुरू झाली' यावर न मोजता 'किती माणसे चालती-बोलती घरी गेली' यावर मोजले पाहिजे. या शाखेचे एक प्रवर्तक पीटर सफार यांनी 'हृदय-फुप्फुस पुनरुज्जीवन' या संज्ञेत 'मेंदू' हा शब्द जोडण्याचा आग्रह धरला, त्यामागील विचार हाच होता.

दाबणे आणि सोडणे

छातीवर बाहेरून दाब देऊन रक्ताभिसरण चालू ठेवण्याची आधुनिक पद्धत 1960 मध्ये अमेरिकेतील बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स संस्थेतून जगापुढे आली. ती मांडणाऱ्या तिघांपैकी विल्यम कौवेनहोवेन हे विद्युत अभियंता होते, ही बाब लक्षात घेण्याजोगी आहे. जेम्स ज्यूड हे शल्यविशारद आणि गाय निकरबॉकर हेही अभियंताच होते. पुनरुज्जीवनाच्या शास्त्रात अभियांत्रिकी अशी प्रारंभापासूनच आहे.

आज शिकविल्या जाणाऱ्या पद्धतीनुसार प्रौढ व्यक्तीच्या छातीच्या मध्यभागी मिनिटाला 100 ते 120 या गतीने, 5 ते 6 सेंटिमीटर खोल दाब दिला जातो आणि प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ दिली जाते. हे सर्व बिनचूक केले तरी हृदयातून होणारा रक्ताचा पुरवठा स्वाभाविक पुरवठ्याच्या साधारणतः एक चतुर्थांश ते एक तृतीयांश एवढाच होतो. ही तूट भरून काढणे हेच उपकरणे रचणाऱ्यांपुढील आव्हान होय.

मेंदूकडे किती रक्त जाईल, हे दोन दाबांच्या फरकावर अवलंबून असते. धमनीतील दाब रक्त पुढे ढकलतो, तर कवटीच्या आतील दाब त्याला विरोध करतो. छातीवर दाब देताना अडचण अशी येते की छातीच्या पोकळीत वाढलेला दाब नीलांमधून आणि मेरुरज्जूभोवतीच्या द्रवातून कवटीपर्यंत पोहोचतो. म्हणजे ज्या क्रियेने रक्त पुढे जाते, त्याच क्रियेने त्याची वाटही अरुंद होते. छाती वर येते तेव्हा उलट घडते. पोकळीत किंचित निर्वात स्थिती निर्माण होते, शरीरातील रक्त हृदयाकडे परत येते आणि कवटीतील दाब उतरतो. त्यामुळे छाती 'सोडण्याचा' क्षण 'दाबण्याच्या' क्षणाइतकाच महत्त्वाचा ठरतो. प्रशिक्षणात नेमकी याच क्षणाकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते. थकलेला मनुष्य रुग्णाच्या छातीवर रेलतो, छाती पूर्ण वर येत नाही आणि मेंदूचा पुरवठा घटतो. पिशवीने अतिवेगाने श्वास दिल्यासही छातीतील दाब चढून हाच परिणाम होतो.

उपकरणांच्या चार पिढ्या

या तत्त्वावर आधारलेल्या उपकरणांचे ढोबळमानाने चार प्रकार करता येतील.

पहिला प्रकार, छाती वर ओढणारे उपकरण. त्याचा उगम विलक्षण आहे. सॅन फ्रान्सिस्को येथे एका मुलाने आपल्या वडिलांच्या छातीवर तुंबलेले शौचालय मोकळे करण्याचा रबरी पंप वापरून त्यांना वाचविले. या घटनेची नोंद 1990 मध्ये अमेरिकन वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. ती नोंद करणाऱ्या डॉक्टरांपैकी कीथ ल्युरी यांनी पुढे याच कल्पनेवर संशोधन केले. रबरी वाटी छातीला चिकटते आणि मूठ वर उचलली की छाती बळाने वर येते. निर्वात स्थिती अधिक तीव्र होते.

दुसरा प्रकार, श्वासनलिकेच्या वाटेवर बसविली जाणारी लहानशी झडप. छाती वर येत असताना ही झडप क्षणभर हवा आत शिरू देत नाही. हवा न आल्यामुळे निर्वात स्थिती टिकते आणि हवेऐवजी रक्त छातीकडे ओढले जाते.

तिसरा प्रकार, छातीवर ठरावीक गतीने व खोलीने दाब देणारे यंत्र. यंत्र थकत नाही. जिन्यावरून उतरताना व चालत्या रुग्णवाहिकेतही ते काम करते.

चौथा प्रकार, रुग्णाचे डोके व छाती हळूहळू उंचावणारा पाट. गुरुत्वाकर्षणामुळे कवटीतील नीला रित्या होऊन तेथील दाब उतरावा, ही त्यामागील कल्पना. मात्र त्याबरोबर रक्त वर ढकलण्यासाठी झडप व ओढणाऱ्या पंपाची जोड लागते. निव्वळ डोके उंच करणे अपायकारक ठरू शकते.

प्रयोगशाळेतील यश आणि रस्त्यावरील पुरावा

वरील प्रत्येक उपकरणाने प्रयोगशाळेत किंवा प्राण्यांवरील प्रयोगांत रक्तप्रवाह सुधारल्याचे दाखविले. परंतु प्रत्यक्ष रुग्णांवरील मोठ्या चाचण्यांचे निष्कर्ष विद्यार्थ्यांनी मुद्दाम लक्षात ठेवण्यासारखे आहेत.

श्वासवाटेवरील झडप नेहमीच्या छातीदाबासोबत वापरून उत्तर अमेरिकेत 8,718 रुग्णांवर चाचणी करण्यात आली. तिचे निष्कर्ष 2011 मध्ये प्रसिद्ध झाले. खरी झडप लावलेल्यांपैकी 5.8 टक्के आणि निष्क्रिय झडप लावलेल्यांपैकी 6.0 टक्के रुग्ण मेंदूचे कार्य समाधानकारक राहून घरी गेले. म्हणजे लाभ दिसला नाही. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या चाचणीत झडप आणि छाती वर ओढणारा पंप एकत्र वापरण्यात आले. येथे चांगल्या स्थितीत वाचलेल्यांचे प्रमाण नेहमीच्या पद्धतीत 6 टक्के, तर दोन्ही उपकरणांच्या गटात 9 टक्के आढळले. या जोडीला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 2015 मध्ये मान्यता दिली.

यांत्रिक छातीदाबाबाबत युरोपातील दोन मोठ्या चाचण्या उपलब्ध आहेत. 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या 2,589 रुग्णांच्या चाचणीत चार तासांनंतर जिवंत असलेल्यांचे प्रमाण यंत्राच्या गटात 23.6 टक्के व हातांच्या गटात 23.7 टक्के होते. ब्रिटनमधील 4,471 रुग्णांच्या चाचणीतही, जी 2015 मध्ये प्रसिद्ध झाली, यंत्र हातांपेक्षा सरस ठरले नाही. डोके उंचावणाऱ्या पाटाविषयीचा पुरावा प्रामुख्याने निरीक्षणात्मक नोंदींचा असून आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनी त्याच्या सरसकट वापराची शिफारस केलेली नाही.

यावरून उपकरणे निरुपयोगी आहेत, असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. वाहन धावत असताना कर्मचाऱ्याला उभे राहून दाब देणे धोक्याचे असते. तेथे यंत्राचे स्थान निर्विवाद आहे. निष्कर्ष एवढाच की दाबमापकावरील सुधारणा आणि घरी परतलेला माणूस या दोहोंमध्ये अनेक कड्या असतात. रक्तप्रवाह ही त्यांपैकी एक कडी होय. इतर कड्या तुटलेल्या असतील तर एका कडीवर कितीही खर्च केला तरी साखळी जोडली जात नाही.

दिल्लीचा अनुभव

भारतात वैद्यकीय उपकरणांच्या रचनेला संस्थात्मक वळण देण्याचा महत्त्वाचा प्रयत्न दिल्लीत झाला. केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाच्या अर्थसाहाय्याने 2007 मध्ये 'स्टॅनफर्ड-इंडिया बायोडिझाइन' हा कार्यक्रम सुरू करण्यात आला. अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था म्हणजे एम्स, दिल्लीची भारतीय तंत्रज्ञान संस्था आणि अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठ हे त्याचे भागीदार होते. हृदयरोगतज्ज्ञ डॉ. बलराम भार्गव यांनी एम्समध्ये त्याचे नेतृत्व केले. 'स्कूल ऑफ इंटरनॅशनल बायोडिझाइन' हे त्याचे पुढील रूप होय.

या कार्यक्रमाची कार्यपद्धती त्याच्या यादीतील उपकरणांपेक्षाही बोधप्रद आहे. डॉक्टर, अभियंता आणि रचनाकार यांचा लहान गट प्रथम रुग्णालयाच्या कक्षांत, अपघात विभागात आणि शस्त्रक्रियागृहात निरीक्षण करतो. तेथे आढळलेल्या गरजांची लांब यादी तयार होते. किती रुग्णांना ती गरज आहे, आजचा उपाय काय आहे व तो कोणाला परवडतो, या कसोट्यांवर ती गाळली जाते. उपकरण त्यानंतर रचले जाते. आधी गरज, मग शोध आणि शेवटी अंमलबजावणी, असा हा क्रम आहे. आणीबाणीत शीर सापडत नसेल तर हाडाच्या पोकळीतून औषध देण्याचे साधन, तसेच अपघातग्रस्ताचा मोडलेला अवयव स्थिर ठेवण्याचे स्वस्त साधन अशी उपकरणे या प्रक्रियेतून पुढे आली. अचानक हृदयक्रिया बंद पडणाऱ्या रुग्णांसाठी छातीदाबाचे यंत्र विकसित करण्याचे कामही डॉ. भार्गव यांनी हाती घेतले होते.

या प्रयत्नांतून एक गोष्ट ध्यानात येते. दिल्लीत यंत्राची गरज जशी आहे, तशीच ते वेळेवर पोहोचविण्याच्या व्यवस्थेचीही आहे. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने एम्सच्या सहकार्याने 2019 मध्ये 'मिशन दिल्ली' हा प्रायोगिक प्रकल्प सुरू केला, तो याच जाणिवेतून. एम्सभोवतालच्या सुमारे 3 किलोमीटरच्या परिघात छातीत दुखणाऱ्या रुग्णाकडे प्रशिक्षित परिचारकांची जोडी मोटारसायकलने पाठविणे, तेथूनच हृदयाचा आलेख एम्सच्या डॉक्टरांकडे पाठविणे आणि त्यांच्या सल्ल्याने गुठळी विरघळविणारे औषध देणे, असे त्याचे स्वरूप होते. रुग्णालय रुग्णाकडे नेण्याची ही कल्पना होती. तिचा हेतू हृदयक्रिया बंद पडण्यापूर्वीच हस्तक्षेप करण्याचा होता.

दुसरे पाऊल त्याहून साधे आहे. भारतीय भूलतज्ज्ञांच्या संघटनेच्या पुढाकाराने 2017 मध्ये पुनरुज्जीवनाच्या भारतीय मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध झाल्या. त्यांत सर्वसामान्य नागरिकांसाठी 'केवळ छातीदाब' ही पद्धत सुचविण्यात आली. तोंडाने श्वास देण्याबाबत असलेला संकोच आणि शिकविण्यातील गुंतागुंत टाळून माणूस बेशुद्ध आहे हे ओळखणे, मदत बोलावणे आणि छातीवर दाब देत राहणे एवढ्यावर ती थांबते. शाळकरी मुलालाही ती अल्पावधीत शिकता येते. मेंदूला रक्त पोहोचविणारे पहिले 'उपकरण' म्हणजे जवळ उभ्या असलेल्या माणसाचे दोन हात, हे तिचे तात्पर्य.

एकच यंत्र, दोन किमती

येथे अर्थशास्त्राची गणना उपयोगी पडते. पुढील आकडे केवळ उदाहरणादाखल मानलेले आहेत. समजा, एका रुग्णवाहिकेसाठी मेंदूचा रक्तपुरवठा सुधारणाऱ्या उपकरणांचा संच 3 लाख रुपयांना मिळतो आणि तो पाच वर्षे टिकतो. वर्षाला 10 याप्रमाणे पाच वर्षांत 50 रुग्णांवर तो वापरला जातो. वर उल्लेखिलेल्या चाचणीप्रमाणे दर शंभर रुग्णांमागे 3 अधिक माणसे चांगल्या स्थितीत वाचतात असे धरले, तर 50 रुग्णांमागे दीड माणूस अधिक वाचेल. म्हणजे एका वाचलेल्या माणसामागे उपकरणाचा खर्च 2 लाख रुपये. सार्वजनिक आरोग्यात हा खर्च वाजवी ठरेल.

आता एकच गृहीतक बदलू. रुग्णवाहिका दहापैकी एकाच रुग्णाकडे वेळेत पोहोचते आणि उरलेल्या नऊ जणांजवळ तोपर्यंत कोणीही छातीदाब दिलेला नसतो. त्यांच्या बाबतीत उपकरणाचा लाभ शून्य धरावा लागेल. मग 50 पैकी 5 रुग्णांनाच उपयोग होईल आणि अधिक वाचणाऱ्यांची सरासरी 0.15 वर येईल. एका माणसामागे खर्च 20 लाख रुपये होईल. यंत्र तेच आणि किंमतही तीच. फरक केवळ मिनिटांचा. उपकरणाची उपयुक्तता त्याच्या पेटीत नसून त्याच्या आधीच्या चार मिनिटांत असते, ती अशी.

यातून खर्चाचा प्राधान्यक्रम आपोआप ठरतो. प्रथम नागरिकांचे प्रशिक्षण आणि मदतकेंद्रातून दूरध्वनीवर दिल्या जाणाऱ्या सूचना. नंतर हृदयाला विद्युतझटका देणारे डिफिब्रिलेटर. त्यानंतर रुग्णवाहिकेतील प्रगत उपकरणे. या क्रमाने पुढील प्रत्येक टप्प्याची उपयुक्तता मागील टप्प्यामुळे वाढते. क्रम उलटा केल्यास महागडी यंत्रे धूळ खात पडतात.

बाजार हा क्रम स्वतःहून का लावत नाही, असा प्रश्न परीक्षार्थींच्या मनात येईल. अर्थशास्त्रज्ञ केनेथ ॲरो यांनी 1963 मध्ये आपल्या प्रसिद्ध लेखात दाखवून दिले की वैद्यकीय सेवेत अनिश्चितता आणि माहितीची विषमता असल्यामुळे नेहमीच्या बाजाराचे नियम तेथे अपुरे पडतात. पुनरुज्जीवन हे त्याचे टोकाचे उदाहरण आहे. ज्याला सेवा हवी तो बेशुद्ध आहे. त्याला निवड करता येत नाही, घासाघीस करता येत नाही. कोणाला ती लागेल हे आधी ठाऊक नसते, म्हणून कोणी तिची आगाऊ खरेदी करीत नाही. शेजाऱ्याने घेतलेल्या प्रशिक्षणाचा लाभ स्वतः शेजाऱ्याला मिळत नाही, तो इतरांना मिळतो. अर्थशास्त्रात याला सकारात्मक बाह्य परिणाम म्हणतात. अशा सेवेचा पुरवठा बाजारावर सोडल्यास तो गरजेपेक्षा कमीच राहतो. शासनाच्या हस्तक्षेपाचे समर्थन येथे आहे.

राजधानी क्षेत्रासाठी रचना

राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात दिल्लीसह हरियाणा, उत्तर प्रदेश आणि राजस्थानमधील जिल्हे येतात. दिल्लीत 'कॅट्स' ही शासकीय रुग्णवाहिका सेवा आहे, शेजारच्या राज्यांच्या सेवा स्वतंत्र आहेत. नोएडा किंवा गुरुग्राममध्ये कोसळलेल्या व्यक्तीसाठी प्रशासकीय सीमा अर्थहीन असते, परंतु यंत्रणेसाठी ती खरी असते. उपकरणांचे भाग, बॅटऱ्या आणि कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण या सर्व सेवांत समान राहिले, तर एका वाहनातून दुसऱ्या वाहनात रुग्ण हलविताना छातीदाब खंडित होणार नाही. प्रत्येक खंडाबरोबर मेंदूचा पुरवठा जवळजवळ शून्यावर येतो, हे येथे स्मरणात ठेवले पाहिजे.

येथील रचनाकारापुढे परदेशी रचनाकारापुढे नसलेल्या अटी आहेत. उन्हाळ्यात बंद वाहनातील तापमान बॅटरीला मानवणारे नसते. धूळ झडपेत शिरते. दाट वस्तीतील गल्लीत वाहन जात नाही आणि उद्वाहन नसलेल्या इमारतीत रुग्णाला चौथ्या मजल्यावरून उतरवावे लागते. म्हणून यंत्र एका माणसाला उचलता यावे, काही सेकंदांत बसविता यावे, त्याच्या सूचना हिंदीत ऐकू याव्यात आणि ते बिघडल्यास कर्मचाऱ्याने क्षणही न दवडता हातांनी दाब सुरू करावा, अशी योजना रचनेतच असली पाहिजे.

अशा अटींतून नवी रचना कशी जन्मते, याचे उदाहरण पुण्याचे आहे. तेथील जीवट्रॉनिक्स या नवउद्योगाने हाताने फिरवून वीज निर्माण करता येईल असा 'सन्मित्र' हा डिफिब्रिलेटर विकसित केला. तो विजेवरही चालतो. वीज नसलेल्या ग्रामीण रुग्णालयातील आणि बॅटरी निकामी झालेल्या रुग्णवाहिकेतील अडचण ही त्यामागील गरज होती. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतही 2014 पासून वैद्यकीय उपकरणांच्या रचनेचे केंद्र कार्यरत झाले. दिल्लीतील कार्यक्रमाने घालून दिलेला 'आधी गरज' हा क्रम देशात अन्यत्रही रुजू शकतो, याची ही साक्ष आहे.

धोरणाची चौकट

गेल्या काही वर्षांत या क्षेत्राला कायद्याची व धोरणाची चौकट मिळाली. वैद्यकीय उपकरण नियम 2017 मध्ये अधिसूचित होऊन 1 जानेवारी 2018 पासून लागू झाले. त्यांनुसार जोखमीच्या प्रमाणात उपकरणांचे अ, ब, क आणि ड असे चार वर्ग करण्यात आले. 2020 मध्ये सर्व वैद्यकीय उपकरणे नियमनाच्या कक्षेत आणण्याचा निर्णय झाला. त्याच वर्षी देशांतर्गत उत्पादनाला चालना देण्यासाठी 3,420 कोटी रुपयांची उत्पादनाशी निगडित प्रोत्साहन योजना जाहीर झाली. वैद्यकीय उपकरण उद्याने उभारण्याच्या योजनेत हिमाचल प्रदेश, मध्य प्रदेश, तामिळनाडू आणि उत्तर प्रदेश या चार राज्यांची निवड झाली. त्यांपैकी उत्तर प्रदेशातील उद्यान राजधानी क्षेत्रातच, यमुना द्रुतगती मार्गालगत आहे. 26 एप्रिल 2023 रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने राष्ट्रीय वैद्यकीय उपकरण धोरणाला मंजुरी दिली. पुढील 25 वर्षांत जागतिक बाजारपेठेत 10 ते 12 टक्के वाटा मिळविण्याचे उद्दिष्ट त्यात आहे.

या धोरणांचा भर उत्पादनावर आहे आणि तो आवश्यकही आहे. तथापि, उत्पादन वाढणे व लाभ होणे या एकच गोष्टी नव्हेत. 'स्वदेशी' ही ओळख उपकरणाला बाजारात प्रवेश मिळवून देऊ शकते. ते प्रभावी आहे याचा पुरावा होऊ शकत नाही. परदेशातील चाचण्यांत उत्तम वाटणारी उपकरणे कशी निष्प्रभ ठरली, हे वर पाहिले. तीच कसोटी देशी उपकरणांनाही लागू झाली पाहिजे. आरोग्य संशोधन विभागाच्या अंतर्गत आरोग्य तंत्रज्ञान मूल्यमापनाची यंत्रणा याच कामासाठी उभारण्यात आली आहे. एखाद्या उपायावरील खर्च आणि त्यातून मिळणारी गुणवत्तापूर्ण आयुर्वर्षे यांची तुलना ती करते. पुनरुज्जीवनाच्या उपकरणांची खरेदी या मूल्यमापनाशी जोडणे इष्ट ठरेल.

खरेदीच्या पद्धतीतही बदल हवा. सर्वात कमी बोलीला कंत्राट देण्याच्या प्रथेत यंत्राची किंमत मोजली जाते. प्रशिक्षण, सुटे भाग आणि देखभाल यांची किंमत मोजली जात नाही. तीन वर्षांनी बंद पडलेले स्वस्त यंत्र अखेरीस सर्वात महाग ठरते. त्याहून महत्त्वाची आहे नोंद. हृदयक्रिया रुग्णालयाबाहेर बंद पडलेल्या प्रत्येक रुग्णासाठी मदतीची हाक केव्हा आली, पहिला छातीदाब केव्हा मिळाला, कोणते उपकरण वापरले आणि रुग्ण कोणत्या स्थितीत घरी गेला, या चार बाबी संपूर्ण राजधानी क्षेत्रात एकाच पद्धतीने नोंदविल्या गेल्या, तर कोणत्याही उपकरणाचा खरा लाभ भारतीय परिस्थितीत तपासता येईल. अशा नोंदीचा खर्च काही यंत्रांच्या किमतीएवढाही येणार नाही.

समारोप

मेंदूला रक्त पोहोचविणारी उपकरणे रचणे हे उच्च दर्जाचे बौद्धिक कार्य आहे आणि भारतीय अभियंते व डॉक्टर ते करण्यास समर्थ आहेत, हे दिल्ली आणि पुण्याच्या उदाहरणांवरून दिसते. मात्र रचनेची व्याख्या व्यापक केली पाहिजे. झडप, पंप आणि पाट हे जसे रचनेचे भाग आहेत, तसेच मदतकेंद्रातील कर्मचाऱ्याने दूरध्वनीवर उच्चारायचे पहिले वाक्य, मोटारसायकलवरील परिचारकाची पिशवी, शाळेतील प्रशिक्षणाचा तास आणि रुग्णवाहिकेतील नोंदीचा कागद हेही तिचेच भाग आहेत. या सर्वांचा एकत्रित विचार झाला, तरच एका उपकरणावरील खर्च सार्थकी लागेल.

उद्या प्रशासनात जाणाऱ्या विद्यार्थ्यांपुढे अशा खरेदीचे प्रस्ताव येतील. त्यांत यंत्राची क्षमता, त्याची किंमत आणि ते देशी की विदेशी याची माहिती सविस्तर असेल. त्या नस्तीवर स्वाक्षरी करण्यापूर्वी त्यांनी एकच प्रश्न आवर्जून विचारावा : हे यंत्र पोहोचेपर्यंत रुग्णाच्या छातीवर कोणाचे हात असतील? या प्रश्नाचे उत्तर नस्तीत नसेल, तर पहिला रुपया त्या उत्तरासाठी खर्च करणे हेच शहाणपणाचे होय.